काचपात्रातले पोट

ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि बुक्कीने फोडलेला कांदा हे पांढुर्णा-सौंसर भागातले जुने जेवण. त्यातले लोह अंगी किती लागते? पोटात डोकावता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ पोटच काचपात्रात मांडतात.

अन्न वाटून 37 अंश सेल्सिअसवर ठेवायचे. लाळेतले अमायलेज हे विकर दोन मिनिटे, मग आम्ल घालून पेप्सिन दोन तास, नंतर आम्ल मारून पॅनक्रिएटिन आणि पित्त आणखी दोन तास. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची पाककृती निराळी, त्यामुळे एकीचा निकाल दुसरीला लावता येत नसे. युरोपातून सुरू झालेल्या ‘इन्फोजेस्ट’ गटाने 2014 साली सामायिक कृती दिली आणि 2019 साली ती सुधारली.

खरी मेख विकराच्या मापात आहे. पेप्सिन बहुधा डुकराच्या जठरातून काढतात. दोन बाटल्यांतली भुकटी वजनाने सारखी असली तरी तिचा जोर सारखा नसतो. विरजण चमच्याने मोजून भागत नाही, ते किती जोमदार आहे हे पाहावे लागते, तसेच हे. (विकर सजीव नसते, एवढा फरक ध्यानात ठेवावा.) म्हणून पेप्सिन आधी हिमोग्लोबिनवर चालवून त्याची क्रिया मोजतात आणि जठराच्या टप्प्यात दर मिलिलिटरला 2000 एकके पडतील असे घालतात. विकरे स्वतः प्रथिनेच असल्यामुळे अन्नाविना एक पात्र बरोबर चालवून त्याचा आकडा वजा करावा लागतो. हे सोडले तर भाकरीच्या नावावर पेप्सिनचेच प्रथिन जमा होते!

आपल्याकडे हे काम जुने आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या नरसिंग राव आणि प्रभावती यांनी 1978 साली पेप्सिन वापरून अन्नातल्या लोहाचा अंदाज बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अशाच कृत्रिम पचनात, पातळ पडद्यापलीकडे किती लोह जाते ते मोजले गेले. धान्य-डाळींत कांदा किंवा लसूण घातला की ते वाढते, असे 2010 साली तिथून प्रसिद्ध झाले. आमच्या आज्यांना हे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. त्यांना कांदा आवडत होता.

ज्वारीची गोष्ट मात्र उलटी. पाण्यात शिजवल्यावर तिच्यातले काफिरिन हे प्रथिन आपसांत घट्ट जोडले जाते आणि पेप्सिनला दाद देत नाही. पीठ आंबवले तर पचन सुधारते. आंबिलीकडे या नजरेने पाहावे.

काचपात्र सुटे झालेले लोह दाखवते, रक्तात गेलेले नव्हे. ज्या बाईच्या अंगात लोह कमी, तिचे आतडे ते अधिक ओढून घेते. काचेला हे कळत नाही. तेव्हा कांद्याच्या भरवशावर गरोदर लेकीसुनांनी डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. जेवणावर लगेच चहा मात्र टाळावा, आणि बागेतले एखादे संत्रे बाजाराला न धाडता ताटाशी ठेवावे. त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते.