फाइलींच्या कालमुद्रा : अर्थ, प्रमाद आणि दुरुस्ती

संशोधनसामग्रीचा कालानुक्रम ठरविताना संगणकातील फाइलीवर दिसणारी तारीख पुष्कळदा निर्णायक पुरावा म्हणून स्वीकारली जाते. ती तारीख नेमकी कोणत्या घटनेची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. युनिक्स व तत्सम प्रणालींत या कालमुद्रांचा अर्थ काय, त्या चुकतात कशा आणि त्यांची दुरुस्ती कोणत्या मर्यादेत करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

युनिक्समध्ये फाइलीचा मजकूर आणि फाइलीविषयीची नोंद या दोन भिन्न वस्तू होत. या नोंदीस ‘आयनोड’ म्हणतात आणि तीत परंपरेने तीन काळ असतात. मजकूर शेवटी केव्हा बदलला हे ‘एमटाइम’ सांगतो. तो शेवटी केव्हा वाचला गेला हे ‘एटाइम’. आणि मालकी, परवानगी इत्यादींसह ती नोंद शेवटी केव्हा बदलली हे ‘सीटाइम’. सीटाइम म्हणजे फाइलीच्या निर्मितीचा काळ, हा समज बराच रूढ असला तरी चुकीचा आहे. एटाइमवरही फार विसंबता येत नाही. कारण लिनक्समध्ये २००९ पासून, वेगळी योजना केली नसल्यास, प्रत्येक वाचनाची नोंद होत नाही.

हे काळ १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, लोटलेल्या सेकंदांच्या रूपाने साठविलेले असतात. भारतीय वेळ ही दाखविताना साडेपाच तास मिळवून काढलेली असते. म्हणून संगणकाचे कालक्षेत्र चुकले असेल, तर दोष दर्शनात असतो, नोंदीत नव्हे. अशा वेळी कालक्षेत्र सुधारावे. फाइलींना हात लावू नये.

नोंदच चुकते, असेही प्रसंग आहेत. ध्वनिमुद्रकाच्या कार्डावर सामान्यतः ‘फॅट’ ही फाइलव्यवस्था असते. तीत स्थानिक वेळ लिहिली जाते. ती कोणत्या कालक्षेत्राची, हे लिहिले जात नाही. समजा, बोलीच्या सर्वेक्षणात सायंकाळी ७ वाजता एक मुलाखत ध्वनिमुद्रित झाली. ते कार्ड वाचताना संगणकाने ही वेळ जागतिक प्रमाणवेळ मानली, तर ती रात्री १२.३० अशी दिसेल आणि मुलाखत दुसऱ्या दिवशीची ठरेल. एवढ्याने क्षेत्रटिपणांशी तिचा मेळ तुटतो. याखेरीज साध्या ‘सीपी’ आज्ञेने प्रत काढल्यास प्रतीवर प्रत काढल्याचा काळ उमटतो. मूळचा एमटाइम राखण्यासाठी त्या आज्ञेस ‘पी’ हा पर्याय जोडावा लागतो.

दुरुस्तीचे साधन ‘टच’ ही आज्ञा होय. ‘डी’ पर्यायाने इष्ट काळ देता येतो. ‘आर’ पर्यायाने एका फाइलीचा काळ दुसरीस देता येतो. ग्नू प्रणालीतील टचमध्ये हे दोन्ही पर्याय एकत्र योजून फाइलीच्याच विद्यमान काळातून साडेपाच तास वजा करता येतात. परंतु आज्ञा देण्यापूर्वी ‘स्टॅट’ने सर्व कालमुद्रांची यादी करून ती स्वतंत्र ठेवावी, प्रमादाचे प्रमाण टिपणवहीसारख्या बाह्य पुराव्याने निश्चित करावे, आणि प्रथम एका प्रतीवर प्रयोग करून फल पडताळावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. टचने एटाइम व एमटाइम हवे तसे लिहिता येतात, सीटाइम मात्र लिहिता येत नाही. उलट दुरुस्तीच्या क्षणी प्रणाली त्यात चालू वेळ घालते. दुरुस्तीची खूण अशी राहते. पण पुढे प्रत काढली की त्या प्रतीस नवा सीटाइम मिळतो आणि ती खूणही लोपते. यास्तव काय, केव्हा व कोणत्या आधारावर बदलले, याची लेखी नोंद सामग्रीसोबत असलीच पाहिजे. एमटाइम कोणासही बदलता येण्याजोगा असल्यामुळे तो एकटा प्रमाण ठरत नाही. नोंदीवाचून केलेली दुरुस्ती, ती कितीही अचूक असली तरी, पुढील अभ्यासकाच्या दृष्टीने फेरफारच ठरते.