लोकर : कसरीचे अन्न, घोंगडीचा धागा, मातीचे खत

महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणातील दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुधा काळी असते. तलम कापडास ती चालत नाही, त्यामुळे तिला भावही अल्प मिळतो. परिणामी कातरलेली लोकर अनेकदा बांधावरच टाकली जाते. हा अपव्यय टाळायचा, तर प्रथम लोकरीचा गुणधर्म जाणून घ्यावा लागेल.

रचना

लोकरीचा तंतू केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील साखळ्या गंधकयुक्त डायसल्फाइड बंधांनी घट्ट जखडलेल्या असतात. म्हणून लोकर सहजी कुजत नाही. तंतूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. ओलावा व दाब मिळताच ते एकमेकांत अडकतात. काश्मीरचा नमदा विणल्यावाचून तयार होतो तो यामुळेच. दख्खनमध्ये मात्र सूत कातून, चिंचोक्याची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणली जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली भासत नाही. मेंढपाळाला पावसाथंडीत घोंगडी उपयोगी पडते, त्यामागे हाही गुण आहे.

कसर कशी लागते?

केराटिन पचवू शकणारे प्राणी फार थोडे. कसरीच्या पतंगाची (टिनिओला बिसेलिएला) अळी त्यांपैकी एक. तिच्या मध्यांत्रातील तीव्र अल्कधर्मी व क्षपणकारी स्थितीत डायसल्फाइड बंध तुटतात आणि मग विकरे प्रथिनाचे विघटन करतात. प्रौढ पतंग काहीच खात नाही. त्यामुळे उडणारे पतंग मारून भागत नाही. अँथ्रेनस भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्याही लोकर खातात, त्यांचे प्रौढ मात्र फुलांवरील पराग व मकरंद खातात. अंधार, निश्चलता आणि घामाचे वा अन्नाचे डाग या अळ्यांना मानवतात. म्हणूनच न धुता घडी घालून ठेवलेल्या घोंगडीला कसर लवकर लागते.

मातीतील उपयोग

मातीत केराटिन विघटित करणाऱ्या बुरशी व जिवाणू हेच काम सावकाश करतात. कच्च्या लोकरीत नत्र साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते, तर शेणखतात ते सुमारे अर्धा टक्का. मेंढीच्या वाळलेल्या घामातून पालाशही मिळते. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात लोकर गिरण्यांतील टाकाऊ तंतू ऱ्हुबार्बच्या शेतांत खत म्हणून वापरत. तथापि नत्र हळूहळू सुटत असल्याने लोकर ही शेणखताची जागा घेणारी नव्हे, तर त्याला पूरक सामग्री समजावी.

शिफारशी

१. कातरणीच्या वेळीच प्रतवारी करावी. लांब व स्वच्छ लोकर विणकरासाठी ठेवावी; पोट व पायांकडील मळकट, आखूड लोकर शेतासाठी वेगळी काढावी.

२. फळझाडाच्या आळ्यात लोकरीचा पातळ थर खोडापासून दूर पसरून तो माती वा पालापाचोळ्याने झाकावा. उघडी लोकर वाऱ्याने उडते व पक्षी ती ओढून नेतात.

३. गोखरूसारखे काटे व तणबिया असलेली लोकर कंपोस्ट खड्ड्यात चांगली तापू द्यावी.

४. आजारी किंवा मृत मेंढीची, तसेच नुकतीच गोचीडनाशकाने धुतलेल्या मेंढीची लोकर वापरू नये.

५. घोंगडी धुऊन, कडक उन्हात वाळवून, झटकून हवाबंद ठेवावी व अधूनमधून उलगडून पाहावी. मौल्यवान वस्तू पिशवीत बंद करून उणे २० अंश सेल्सिअसला एक आठवडा ठेवल्यास अंडी व अळ्या मरतात.

चांगला धागा मागावर आणि उरलेला मातीत जाईल, अशी घडी बसल्यास मेंढपाळ, विणकर व शेतकरी या तिघांनाही लोकरीचा लाभ होईल. विस्तार कार्यकर्त्यांनी त्याची सुरुवात कातरणीच्या जागी जाऊन प्रतवारी दाखवण्यापासून करावी.