तिठ्यावरचे ज्ञान

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागत असे. यवतमाळात तेव्हा गल्लीत एखाद-दुसऱ्या घरीच टीव्ही. आम्ही पोरे त्या घरच्या फरशीवर दाटीवाटीने बसत असू. इंग्रजी संवाद निम्मेही कळत नसत, म्हणूनच सोमवारी शाळेत वाद रंगत. असाच एक वाद कित्येक वर्षे मिटला नाही. ‘स्कॉटी, मला वर घे’ अशा अर्थाचे ते प्रसिद्ध वाक्य कॅप्टन कर्क प्रत्येक भागात म्हणतो, असे माझा एक मित्र छातीठोकपणे सांगे. मी म्हणे, प्रत्येक भागात नाही, फक्त शेवटी.

पुढे मालिकेचे सर्व ७९ भाग क्रमाने पाहायला मिळाले, आणि आम्ही दोघेही हरलो. ते वाक्य त्या नेमक्या शब्दांत मूळ मालिकेत एकदाही येत नाही. त्याच्या जवळपासची वाक्ये येतात. शब्दांचा क्रम बदलून ते १९८६च्या चौथ्या चित्रपटात येते. जे कधी उच्चारलेच गेले नाही ते जगभरातल्या लोकांना ‘ऐकल्याचे’ आठवते, आणि त्या लोकांत आम्हीही होतो.

चाहत्यांमधली अशी देवाणघेवाण म्हणजे रिकामटेकडेपणा, असा समज आहे. इंग्रजीत अशा माहितीला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला. तीन रस्ते जिथे मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा, हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. तिठ्यावर कोणीही भेटते, म्हणून तिथले ते सामान्य, किरकोळ. पण तिठ्यावर बातमी तपासलीही जाते. एकाने सांगावे, दुसऱ्याने खोडावे, तिसऱ्याने पुरावा मागावा.

चूक कोणाची?

‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. निर्माता जीन रॉडनबेरी. यानातून माणूस विरघळून ग्रहावर प्रकट होतो, ही मालिकेतली सर्वांत गाजलेली कल्पना. तिच्यामागे विज्ञानापेक्षा हिशेब अधिक होता. दर आठवड्याला अवजड यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते. माणसे थेट खाली पाठवली की खर्चही वाचला आणि कथाही लवकर सुरू झाली.

चाहत्यांची आवडती नोंद मात्र वेगळी. वाहिनीने पहिला नमुना-भाग नाकारल्यावर दुसरा तयार झाला. त्यात कर्कच्या थडग्यावर नाव दिसते ‘जेम्स आर. कर्क’. पुढे मात्र तो ‘जेम्स टी.’ आहे, आणि त्या ‘टी’चा अर्थ ‘टायबेरियस’ हे १९७४मधल्या कार्टून मालिकेत कळते. निर्मात्यांची ही साधी विसरभोळी चूक. पण चाहत्यांनी तिची उत्तरे शोधली : थडगे उभारणारा मित्र तेव्हा वेडाच्या भरात होता, ती दोघांमधली खासगी थट्टा होती, वगैरे. एका पुराणात एक वंशावळ आणि दुसऱ्यात दुसरी आढळली की आपले कीर्तनकार कल्पभेद सांगून दोन्ही खऱ्या ठरवतात, तोच हा प्रकार.

वही ते वाचवणूक

या नोंदींचा पहिला मोठा उपयोग मालिका जगवण्यासाठी झाला. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होण्याच्या बेतात असताना जॉन आणि बिजो ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. पत्रांचा असा पूर आला की मालिका सुरू राहणार असल्याचे वाहिनीला १ मार्च १९६८ रोजी प्रसारणातच जाहीर करावे लागले. ३ जून १९६९ रोजी मालिका संपली. त्याच वर्षी डोरोथी जोन्स या चाहतीने जमवलेल्या नोंदींवरून बिजो ट्रिंबल यांनी पात्रे, ग्रहे, यंत्रे यांचा कोश प्रसिद्ध केला. भाग परत पाहण्याची सोय घरोघरी नव्हती, तेव्हाचे हे काम. १९७६ साली चाहत्यांच्या पत्रांमुळेच नासाच्या पहिल्या चाचणी-शटलचे ठरलेले नाव बदलून ‘एंटरप्राइझ’ ठेवण्यात आले.

इंग्लंडमधले उदाहरण याहून बोलके आहे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेच्या साठच्या दशकातल्या असंख्य फिती पुसल्या. फिती महाग होत्या आणि जुने कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील असे वाटत नव्हते. नव्वदच्या वर भागांचे चित्र त्यामुळे नाहीसे झाले. आवाज मात्र त्या प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण काही चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो टिपला होता. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरी सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. काय हरवले आहे याची काटेकोर यादी चाहत्यांजवळ होती, म्हणूनच काय सापडले ते लगेच कळले.

आपल्या वाट्याचे प्रश्न

भारतीय प्रेक्षकाला या मालिकेत काही गोष्टी दिसतात, ज्या अमेरिकी प्रेक्षकाला सहसा खटकत नाहीत. फेब्रुवारी १९६७च्या एका भागात खान नूनियन सिंग हा खलनायक येतो. यानावरची इतिहासतज्ज्ञ स्त्री त्याला पाहून हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा तर्क करते. मग नाव ‘खान’ कसे? डोक्यावर पगडी नाही, दाढी नाही. पगडी दिसते ती फक्त त्या स्त्रीने काढलेल्या चित्रात. भूमिका करणारे रिकार्डो माँटलबान मेक्सिकोचे. मालिकेच्या कालगणनेत या खानने १९९२ ते १९९६ या काळात पाव पृथ्वीवर राज्य केले! ती वर्षे आपण यवतमाळात कापसाच्या भावाची चर्चा करत घालवली.

दुसरा धागा मुंबईचा. १९७९च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात मुंडण केलेल्या इलियाची भूमिका पर्सिस खंबाटा यांनी केली. १९६५च्या मिस इंडिया. त्यांची निवड मुळात चित्रपटासाठी नव्हतीच. १९७७मध्ये आखलेल्या, पण कधीच न झालेल्या नव्या मालिकेसाठी होती. ती योजना बदलून चित्रपट झाला. १९९८ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

मराठीतलीही एक नोंद इथे सांगायला हवी. ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली त्याच १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४मध्ये परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. ही आद्याक्षरे उलटी वाचा : ज. वि. ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नाव पाहून नव्हे, कथा पाहून निकाल लागावा, ही त्यामागची इच्छा. चांगली नोंद अशी असते. ऐकताना गंमत वाटते, आणि मागोमाग माणूस कळतो.

माझ्या वहीतली दोन पाने

आता आपल्या मालिकांकडे वळू. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ होती, १९८९ची ‘इंद्रधनुष’ होती, १९९८मध्ये केतन मेहतांची मिलिंद सोमण यांना घेऊन केलेली ‘कॅप्टन व्योम’ होती. ‘इंद्रधनुष’मध्ये गिरीश कर्नाड होते आणि किशोरवयीन करण जोहरही, एवढे बहुतेकांना सांगता येते. त्यापुढे गप्पा थांबतात.

माझ्या वहीत ‘स्पेस सिटी सिग्मा’वर दोन पाने आहेत. खलनायक झकाकूची बोलण्याची ढब, यानाची आतली रचना, काही प्रसंग. सगळे आठवणीतून लिहिलेले. पूर्वी ती पाने मी अभिमानाने दाखवत असे. हल्ली बिचकतो. कारण ती ज्या डोक्यातून उतरली, त्याच डोक्याने स्कॉटीचे ते वाक्य ‘ऐकले’ होते. तिथे माझी चूक दाखवायला ७९ भाग हजर होते. इथे समोर ठेवायला काही नाही.

म्हणून मी आता नोंदीची पद्धत बदलली आहे. प्रत्येक ओळीपुढे लिहितो : स्वतः पाहिले की ऐकले, कोणत्या वयात, आणि आणखी कोणाला आठवते. त्याच जुन्या मित्राला मी झकाकूविषयी स्वतंत्रपणे लिहायला सांगितले, माझी पाने न दाखवता. सहा गोष्टी जुळल्या, चार जुळल्या नाहीत. जुळलेल्या सहांवर मी खूण केली, पण न जुळलेल्या चारही खोडल्या नाहीत. त्या मालिका पाहणारी पिढी आज पन्नाशीत आहे. वाद घालायला दोघे हयात आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे.