सशाचे बीळ व नवजात पिल्ले

कुंपणात मोकळी ठेवलेली सशाची मादी पुष्कळदा जमिनीत बीळ खणून तेथेच विते. आपल्याकडील रानससा बीळ खणत नाही. पाळीव ससा मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे.

सुमारे ३१ दिवसांच्या गर्भकाळानंतर जन्मणारी पिल्ले आंधळी व केसरहित असतात. गवत आणि स्वतःच्या पोटाचे केस यांचे मऊ अंथरूण माता त्यांच्यासाठी करते. नंतर बिळाचे तोंड मातीने बुजवून ती दूर जाऊन चरू लागते. तिने पिल्ले टाकली, असे समजून दयाळू माणूस बीळ उकरतो, आणि तीच दया पिल्लांच्या जिवावर बेतते. वस्तुतः माता बहुधा दिवसातून एकदाच, तीही तीन-चार मिनिटांपुरती, पाजण्यास येते. वारंवार ये-जा केल्यास शत्रूला बिळाचा माग लागण्याचा संभव असतो.

म्हणून बीळ उकरू नये. त्यावर पावसापासून आडोसा करावा. कुत्र्यामांजरांस दूर ठेवावे. मादी प्रसूतीनंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, यास्तव नर वेगळा ठेवावा. मातेस मुबलक गवत व स्वच्छ पाणी द्यावे. सुमारे दहाव्या दिवशी पिल्लांचे डोळे उघडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती आपण होऊन बाहेर येतात.