राखीव वेगाचा हिशेब

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठाने ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि त्याहीपुढे पसरत गेलेल्या नवी मुंबईत प्रोसेसरांच्या दोन वस्त्या आहेत. एक ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यातील डेटा सेंटरांची. तेथे असंख्य प्रोसेसर अहोरात्र चालतात आणि त्यांच्या उष्णतेचा निचरा करण्यासाठी अजस्र शीतयंत्रांचा चोवीस तास बंदोबस्त असतो. दुसरी वाशी-नेरूळ-खारघरच्या इमारतींतील लहान खोल्यांची. तेथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग पारखून आणून हौसेने जोडलेला एखादा डेस्कटॉप असतो, आणि कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा हा प्रोसेसर अधिक वेगाने का धावू नये, असा विचार त्याच्या मालकाच्या मनात कधी ना कधी येतोच. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ही जिज्ञासा निकोप आहे, तिला उत्तेजनच मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिचे उत्तर थंड हवेच्या प्रयोगशाळांतून छापून आलेल्या आकड्यांवर सोपवून चालणार नाही, ते येथल्या हवेतच शोधावे लागेल.

मदरबोर्डावर साधारणतः १०० मेगाहर्ट्झचा मूळ स्पंद असतो. त्यास प्रोसेसर एका गुणकाने गुणतो, आणि गुणक ५० असला की ५ गिगाहर्ट्झचा वेग सिद्ध होतो. अशा एका स्पंदाचा अवधी ०.२ नॅनोसेकंद; तेवढ्यात प्रकाशकिरणसुद्धा सहा सेंटिमीटरच पुढे जातो. एवढ्या अल्प अवधीत ट्रान्झिस्टरांच्या एका मालिकेतून संकेत पार पडून पुढच्या टप्प्याशी हजर झाला पाहिजे. तो उशिरा पोहोचला, तर एकाच्या जागी शून्य वाचले जाते आणि चुकीचे उत्तर बरोबर समजून गणित पुढे चालू राहते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने उघडमीट करतात, म्हणून वेग वाढवणाऱ्याला आज ना उद्या व्होल्टेजला हात घालावा लागतो.

एकाच सिलिकॉन चकतीतून कापलेल्या चिपांतही गुणदोषांचा फरक राहतो. त्यांतील अधू चिपनेसुद्धा, तापलेल्या पेटीत, वर्षानुवर्षे बिनचूक काम करावे एवढ्या बेताने उत्पादक वेगाची हमी देतो, आणि उरलेले सामर्थ्य राखीव ठेवतो. पूर्वी ही राखीव गंगाजळी मोठी होती. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या एटी संगणकाचा वेग ६ मेगाहर्ट्झ होता. त्यातील १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून १६ चा बसवला की तोच संगणक ८ मेगाहर्ट्झने चालू लागे. १९९८ मधील इंटेलचा सेलेरॉन ३००-ए तर मूळ स्पंद ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेताच ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झने, तोही बहुधा निर्वेधपणे, धावे. ते दिवस आता राहिले नाहीत. हल्लीचे प्रोसेसर तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत स्वतःच आपला वेग वाढवतात, म्हणजे राखीव साठ्यातील मोठा हिस्सा उत्पादकाने आपल्या हातानेच खर्ची टाकलेला असतो; उरते ते थोडके, आणि त्या थोडक्यावरच हौशी माणसाची सारी भिस्त.

त्या थोडक्याची किंमत मात्र चढत्या भाजणीने मोजावी लागते. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दोन्ही पाच-पाच टक्क्यांनी वाढवल्यास विजेचा खर्च सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो आणि दहा-दहा टक्क्यांनी वाढवल्यास तेहतीस टक्क्यांनी. आता हा हिशेब नवी मुंबईच्या खोलीत मांडून पाहू. समजा, एखादा प्रोसेसर २०० वॅट वीज घेत असता त्याच्यावरील कूलर त्याला भोवतालच्या हवेपेक्षा ६० अंश अधिक तापमानावर राखतो. ज्या प्रयोगशाळेची हवा २२ अंशांवर स्थिर ठेवलेली असते, तेथे ही चिप ८२ अंशांवर राहील; मे महिन्याच्या दुपारी ३४ अंशांच्या आपल्या खोलीत तीच ९४ वर जाईल. पाच टक्क्यांची ती वाढ केली की वीज सुमारे २३१ वॅट होते आणि अंतर जवळजवळ ७० अंशांचे. प्रयोगशाळेत ९२, आपल्याकडे १०४. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असल्याने तेथे यशस्वी ठरलेली तजवीज येथे मर्यादेच्या बाहेर पडते, आणि चिप स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवते. म्हणजे एवढा खटाटोप करून पदरात पडते ती अधिक उष्णता आणि महावितरणचे वाढीव बिल.

पावसाळ्याचा प्रश्न याहून निराळा. जुलै-ऑगस्टात येथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो; त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाण्याचे थेंब धरू लागतात. द्रवरूप हेलियमच्या, म्हणजे उणे २६९ अंशांच्या, साहाय्याने २०२२ साली एका इंटेल प्रोसेसराने क्षणभर ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली, हे वाचून कोणा विद्यार्थ्याला बर्फाच्या पाण्याने किंवा विजेने थंड होणाऱ्या पेल्टिए पट्टीने चिप गोठवण्याची इच्छा झाली, तर त्याने हा दवबिंदू आधी ध्यानात घ्यावा. विक्रम करणारे लोक मदरबोर्डाचा इंच न् इंच ओलाव्याविरुद्ध लिंपून मगच कामाला लागतात. एरवीसुद्धा खाडीची खारट, दमट हवा सुट्या भागांना सुखाने राहू देत नाही. संगणक सुरू होईना म्हणून रॅमची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासणारा कारागीर आपण पाहिलाच असेल. वेग वाढवण्यापूर्वी संपर्काचे हे दात, पंख्यावरील धूळ आणि कूलरखाली वाळून भेगाळलेली थर्मल पेस्ट यांची व्यवस्था लावली, तर पुष्कळदा काही अंश फुकटच हाती येतात.

उष्णतेपेक्षाही व्होल्टेजचे भय अधिक बाळगावे, कारण त्याने होणारी हानी डोळ्यांना दिसत नाही. चिपमधील अतिसूक्ष्म तांब्याच्या तारांतून प्रवाह दाटीने वाहू लागला की, ओहोटीच्या ओढीने खाडीकाठची माती कणाकणाने सरकावी त्याप्रमाणे, धातूचे अणू आपल्या जागेवरून सरकतात आणि तारेत पोकळी पडते. प्रवाहाची घनता व तापमान या दोहोंनी तारेचे आयुष्य कसे घटते, याचे समीकरण जेम्स ब्लॅक यांनी १९६९ च्या सुमारास मांडले आणि अभियंते ते आजही वापरतात. अलीकडचे दाखलेही बोलके आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचे काही रायझेन प्रोसेसर जळाले. मेमरीचा वेग वाढवणारी तयार योजना चालू करताच मदरबोर्ड प्रोसेसरातील मेमरी-नियंत्रकाला मिळणारे ‘एसओसी’ व्होल्टेज जास्त चढवीत होते, आणि पुढे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. वाढीव व्होल्टेज आणि तापमान यांमुळे स्पंद वाहून नेणारे मंडलच अकाली झिजत असल्याचे निष्पन्न झाले, मायक्रोकोड बदलावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. यांतील कित्येक ग्राहकांनी वेगाला हातही लावलेला नव्हता. जेथे खुद्द निर्मात्याचा अदमास चुकतो, तेथे आपण ‘ऑटो’ व्होल्टेजवर डोळे मिटून विसंबणे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून ज्याला हा प्रयोग करायचाच आहे त्याने प्रथम आपल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांची दुसरी प्रत काढावी, बायॉस अद्ययावत करावा, मूळ स्थितीतील तापमान आणि व्होल्टेज वहीत टिपून घ्यावे. मग गुणक एकेकाने चढवावा, प्रत्येक पायरीवर कसोटी घ्यावी आणि अडल्यासच व्होल्टेज शतांशाने वाढवावे. कसोटी म्हणजे संगणक नुसता सुरू होणे नव्हे. प्राइम-९५ सारखा कार्यक्रम अवाढव्य संख्यांचे गुणाकार करताना आपल्या पूर्णांकनातील चूक स्वतःच तपासत राहतो, आणि ती ०.४ च्या आत असावयास हवी असता ०.५ भरली की तेथेच थांबून तसे सांगतो. पडद्यावर सारे काही सुरळीत दिसत असतानाही चूक सांगणारी ही एक ओळ इशारा म्हणून पुरेशी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे पुढे कधीतरी एखादी फाइल नासण्यास संमती देणे होय. हमीपत्रही एकदा वाचावे, कारण अशा वापरातून झालेले नुकसान हमीतून वगळले जाऊ शकते.

माझी शिफारस मात्र याच्या उलट दिशेची आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवले, तर वीज जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते. वरच्या उदाहरणात ९४ अंशांची चिप ८८ वर येते, आणि तापमानामुळे आपणहून मंदावणारा प्रोसेसर आपला नेमून दिलेला वेग अधिक काळ टिकवून धरतो. येथल्या हवेत हाच मार्ग अधिक लाभाचा. कोणताही मार्ग धरा, शेवटची कसोटी वातानुकूलन यंत्र बंद ठेवून, मे महिन्याच्या दुपारी घ्या. तेथे चूक आली, तर एक पायरी खाली उतरा आणि पुन्हा तपासा.