चाकांवरच्या घराची वीज

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाने, शेगडी, लहान फ्रीज बसवायचा आणि मुलाबाळांना घेऊन गोकर्ण, हंपी, तारकर्ली करायचे, ही हौस आपल्या भागातही आता रुजते आहे. बेळगावात माझे ऑटो इलेक्ट्रिकलचे काम. अशा गाड्या माझ्याकडे येतात. मालकाला पडद्याचे कापड आणि फ्रीजचे लिटर तोंडपाठ असतात. बॅटरी कुठे आहे विचारले की तो ड्रायव्हरकडे बघतो!

या गाडीत विजेचे दोन संसार असतात. एक चासीचा, गाडीबरोबर आलेला : सेल्फ, दिवे, वायपर, हॉर्न. दुसरा नंतर थाटलेला, आतल्या घराचा : पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर. दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या हव्यात आणि मध्ये आयसोलेटर हवा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (आमच्यात अजून डायनामोच म्हणतात) दोघींना चार्ज करतो. इंजिन बंद झाले की चुली वेगळ्या. मग रात्रभर पंखा चालला तरी सकाळी सेल्फ बसतो.

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब आले. वडील मराठी, आई धारवाडच्या, मुले एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलणारी. तक्रार अशी, की सेल्फ मारला की नुसता ‘कट्’ आवाज आणि दिवे मंद. वर्षात दोनदा बॅटरी बदलून झाली होती. मी मोजली तर १२.६ व्होल्ट, लोड टेस्टरवरही ठणठणीत. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या अंगाला लावली आणि सेल्फ मारायला सांगितले. मीटरने १.८ दाखवले. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

गाडीत परतीची तार म्हणजे गाडीचे लोखंडच. पण इंजिन रबरी माऊंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला चासीशी जोडणारा अर्थिंगचा पट्टा लागतो. तोच गंजून दोन-चार तारांवर आला होता. माझा मदतनीस गाडीखालूनच ओरडला, “अण्णा, अर्थ लूज ऐती!” पट्टा बदलला, जागा पॉलिश पेपरने घासली, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

पण खरी गोष्ट बिछान्याखाली होती. इन्व्हर्टरची तार थेट चासीच्या बॅटरीवरून घेतलेली, फ्यूज नाही, आणि पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय ओढलेली. धक्क्यांनी वरचे प्लास्टिक झिजून आतले तांबे दिसत होते. आईंनी तिथे बोट दाखवले आणि हळूच म्हणाल्या, “मक्कळु इल्ले मलग्ताररी.” मुले इथेच झोपतात.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक तो हलक्यात घेतात. पण ही बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते आणि तार निखाऱ्यासारखी लाल होते. फ्यूज असतो तो तार वाचवायला, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल उडाला म्हणून हिरवा बसवणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे. आणि चांदीच्या कागदाचा ‘जुगाड’ मी पाहिला आहे, त्याबद्दल न बोललेले बरे.

गृहिणींनी एक हिशेब लक्षात घ्यावा. घरी ५०० वॅटचा मिक्सर दोन अँपिअरच्या थोडा वर घेतो. तोच गाडीत इन्व्हर्टरवर लावला, तर बॅटरीतून पंचेचाळीसच्या आसपास ओढतो. म्हणून तिथली तार जाडच हवी.

पाच-सहाशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा मीटर घरी ठेवा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी १२.६ असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसावे. आकडा वर सरकलाच नाही तर डायनामो चार्ज करत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर दाखवून घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, वाळवून व्हॅसलीन लावा. त्याआधी अंगठी, बांगड्या काढा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. नाहीतर पाना पत्र्याला लागून ठिणगी उडते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कटऑफ स्विच बसवून घ्या. कुठेतरी अर्धा अँपिअर चोरीला जात असला, तरी १०० अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत निम्म्यावर येते. पावसाळ्यात उंदीरही बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरिंग कुरतडतात, तेव्हा अधूनमधून झाकण उघडून बघा.

त्या कुटुंबात मीटर आता थोरल्या मुलीकडे आहे. ती आकडे वहीत कन्नडमध्ये लिहिते आणि वडिलांना मराठीत वाचून दाखवते. परवा तिने फोन केला : “मामा, आज १२.३ आहे, चोर्ला घाटातून जायचं आहे, जाऊ का?” मी म्हटले, आधी अर्धा तास इंजिन चालू ठेवून मीटर लाव, आणि १४ दाखवतंय का ते सांग.