वशीकरणाआधीचा अंधार

वशीकरण म्हटलं की मंत्र, मुळ्या, भारलेलं पाणी हेच आधी आठवतं. बीबीसीच्या ‘मर्लिन’ या मालिकेत (२००८ ते २०१२, एकूण ६५ भाग) हे सारं आहेच. चौथ्या पर्वात मॉर्गाना ही जादूगार मर्लिनच्या मानेत सापासारखा एक जीव सोडते आणि आर्थर राजाचा हा निष्ठावान नोकर राजाच्याच जिवावर उठतो. तो प्रकार एका भागात आटोपतो. पाचव्या पर्वात राणी ग्वेन फितूर होते, ती गोष्ट मात्र अंगावर येते. ती नीट पाहिली तर जाणवतं, की जादूचा अंमल चढण्याआधीच माणूस एकटा पाडला गेलेला असतो. माझ्या मते या मालिकेतल्या छुप्या निष्ठांचं मूळही तिथेच आहे.

मॉर्गाना ग्वेनला पळवून नेते आणि एका निर्जन मनोऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत डांबते. छताला मॅन्ड्रेकच्या मुळ्या टांगलेल्या असतात. या झाडाची मुळी माणसासारखी दिसते आणि उपटताना किंचाळते, अशी युरोपात जुनी समजूत आहे. त्या किंकाळ्यांत ग्वेनला भास होतात: तिचीच माणसं तिला हसतायत. मग दार उघडतं आणि मॉर्गाना येते, मांडलेल्या ताटावर नेऊन बसवते, मायेनं बोलते. हळूहळू ग्वेनच्या जगात हात धरणारं एकच माणूस उरतं, आणि तेच तिला छळणारं असतं. हे निव्वळ कल्पनेतलं नाही. कोरियन युद्धातल्या कैद्यांच्या हकिगतींमुळे ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द जगभर पोचला. चीनमधल्या अशा छळातून सुटून आलेल्यांशी बोलून मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. बाहेरच्या जगाशी नातं तोडायचं, माणूस मोडेपर्यंत ताणायचं आणि मग अचानक सौम्य व्हायचं, हा क्रम त्यातही आहे. मॉर्गानाला तो पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. तिनं स्वतः दोन वर्षं एका खोल खड्ड्यात कैदेत काढलेली असतात.

ग्वेनवरच्या उपायातही हाच विचार दिसतो. तिला बेशुद्ध करून एका पवित्र जलाशयापाशी नेता येतं, पण पाण्यात ढकलून भागत नाही. तिनं आपणहून उतरायला हवं. आर्थर तिला लग्नाची मागणी घातली त्या दिवसाची आठवण करून देतो आणि ती पाऊल टाकते. हरवलेली इच्छा जबरदस्तीनं परत देता येत नाही, हे मालिकेला नेमकं कळलं आहे. एक गोष्ट मात्र मला खटकते. अंमलाखाली असताना ग्वेननं टायर नावाच्या निरपराध तबेलेवाल्या पोराचा जीव घेतलेला असतो. बरी झाल्यावर तिच्या मनात त्याचं काय होतं, याची मालिका चौकशीच करत नाही.

आता आर्थरच्या राज्याकडे, कॅमलॉटकडे पाहू. आर्थरचा बाप उथर यानं जादू करणाऱ्याला देहदंड ठरवला. त्यामुळे मर्लिनला आपलं खरं रूप सांगता येत नाही आणि जन्मजात जादू असलेल्या मॉर्गानालाही नाही. मर्लिनला तिचं गुपित माहीत असतं, तरी तो गप्प राहतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस राज्य वाचवण्यासाठी तिला विषही देतो. तिसऱ्या पर्वात ती परतते ती गोड हसत आणि मनात वैर घेऊन. मनोऱ्यानं ग्वेनचं जे केलं, तेच कायद्यानं या दोघांचं केलं.

यावर कोणी म्हणेल, आर्थरचा मामा अग्रव्हेन कोणत्या कायद्याला भीत होता? त्याच्याकडे जादू नव्हती, तरी तो मॉर्गानाचा हेर झाला. हा आक्षेप मला मान्य आहे. भीती हे प्रत्येक फितुरीचं कारण नसतं. म्हणूनच अग्रव्हेनवर प्रेक्षक मोकळेपणानं रागावू शकतो, मॉर्गानावर तसं रागावता येत नाही. शनिवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बघायच्या मालिकेत एवढं कशाला शोधायचं, असंही विचारलं जाईल. पण हा धागा मालिकेनं शेवटपर्यंत सोडलेला नाही. ग्वेनला जादूनंच वाचवल्यावरही आर्थर बंदी उठवत नाही. मर्लिन आपलं गुपित त्याला सांगतो ते थेट अखेरच्या भागात, आर्थर प्राणघातक जखमेनं पडलेला असताना. तो भाग २४ डिसेंबर २०१२ रोजी दाखवला गेला, आणि आर्थर मरतो तेव्हाही कॅमलॉटमध्ये तो कायदा तसाच असतो.